काजळी, चपडा आणि मार्कर

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी जळगावच्या सराफ बाजारात आणि दाणाबाजारात लाल कापडी बांधणीच्या वह्या आजही पाटावर मांडल्या जातात. हिशेब कधीच संगणकात गेले, तरी वही, लेखणी आणि दौत पुजल्याशिवाय अनेक पेढ्यांवर नवं वर्ष सुरू होत नाही. या पूजेत दौतीला महाकालीचं रूप मानतात. दौतीतला काळा रंग इतक्या मानाचा, पण व्यापाऱ्याच्या दौतीतली शाई आणि पोथी उतरवणाऱ्या लेखनिकाच्या दौतीतली शाई एक नव्हती. दोन्ही सारख्याच काळ्या, दोन्हींत काजळीच. फरक होता तो काजळीला कागदावर धरून ठेवणाऱ्या द्रव्याचा.

आज चित्रकलेचं सामान विकणाऱ्या दुकानात उभं राहून ‘कोणती काळी शाई घेऊ?’ असं विचारणाऱ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचं उत्तर याच फरकात आहे. काळ्या रेघेवरून जलरंगाचा ओला ब्रश फिरवला की रेघ राखाडी होऊन पसरते. मार्कर फिरवला की पिवळ्याजर्द रंगात काळे ओघळ उतरतात. मुलगा शाई बदलतो, कंपनी बदलतो, जास्त महाग बाटली आणतो, आणि पुन्हा तेच होतं. कारण तो काळेपणा निवडत असतो. निवडायचा असतो तो बांध, म्हणजे काजळीला कागदावर धरून ठेवणारं द्रव्य.

पंडित गौरीशंकर हीराचंद ओझा यांनी ‘भारतीय प्राचीन लिपिमाला’ या ग्रंथात शाईचे दोन प्रकार नोंदवले आहेत. ग्रंथ पहिल्यांदा १८९४ साली आला आणि १९१८ साली त्याची वाढवलेली आवृत्ती निघाली. कच्ची शाई म्हणजे काजळ, कात, बिजाबोळ आणि डिंक यांचं मिश्रण. करायला सोपी, लिहायला सुळसुळीत, पण पाण्याचा थेंब पडला की पसरणारी आणि पावसाळ्यात पानाला पान चिकटवणारी. म्हणून ती व्यापाऱ्यांच्या वह्यांपुरती. पोथ्यांसाठी पक्की शाई वेगळी. पिंपळाची लाख कुटून मातीच्या हंडीत पाण्याबरोबर उकळायची, त्यात सवागी आणि लोध घालायचं, लाख विरघळून पाणी लालसर झालं की गाळून घ्यायचं आणि तिळाच्या तेलाच्या दिव्यावर धरलेलं काजळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून त्या पाण्यात घोळत राहायचं. कागदावर अक्षर काळंभोर उमटेपर्यंत हे घोळणं चाले.

रसायनशास्त्राच्या दृष्टीने ही कृती अगदी चोख आहे. लाख नुसत्या पाण्यात विरघळत नाही. सवागी म्हणजे बोरॅक्स. त्याने पाणी क्षारधर्मी होतं आणि लाख विरघळते. शाई कागदावर वाळली की लाखेचा पातळ पापुद्रा काजळीच्या कणांवर बसतो आणि साध्या पाण्याला दाद देत नाही. युरोपातल्या कारखान्यांनी पुढे ‘इंडियन इंक’ या नावाने काचेच्या बाटलीत जी जलरोधक शाई विकली, तिच्यातही काजळी आणि शेलॅक हीच मुख्य द्रव्यं. शेलॅक म्हणजे आपली शुद्ध केलेली लाख. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर राहणारा बारीक कीटक ती तयार करतो, आणि तिच्या उत्पादनात भारत जगात आजही आघाडीवर आहे.

धुळ्यात हा काळा रंग डोळ्यांनी पाहता येतो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचं निधन ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच झालं. गावोगाव हिंडून त्यांनी जमवलेली कागदपत्रं सांभाळण्यासाठी १९२७ साली राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. त्याच शहरात शंकर श्रीकृष्ण देव, म्हणजे नानासाहेब देव, यांनी समर्थ संप्रदायाच्या मठामठांतून गोळा केलेल्या हस्तलिखितांसाठी समर्थ वाग्देवता मंदिर आहे. समर्थ रामदासांच्या हस्ताक्षरातलं मानलं जाणारं वाल्मीकि रामायण याच संग्रहातलं. कागद पिवळा पडलेला, कडा झिजलेल्या, कसरीने मधेच भोकं पाडलेली. अक्षर मात्र काळंच. काजळी हा शुद्ध कार्बन. उजेडाने तो विटत नाही, हवेने बदलत नाही, आम्ल त्याला खात नाही. लोखंडाचा क्षार आणि मायफळ वापरून केलेली शाई कालांतराने तपकिरी होते आणि कागदही कुरतडते. काजळीच्या शाईत तो दोष नाही.

पण काजळी टिकते म्हणून रेघ टिकेल, असं नाही. बांध डिंकाचा असेल तर तीनशे वर्षांनंतरही पाणी लागताच अक्षर हलू शकतं. म्हणूनच जुनी कागदपत्रं धुण्याआधी किंवा चिकटवण्याआधी जतनतज्ज्ञ शाईची परीक्षा घेतात. एखाद्या कोपऱ्यातल्या, फारशा महत्त्वाच्या नसलेल्या अक्षरावर पाण्याचा बारीक थेंब ठेवायचा, थोडं थांबायचं, टीपकागदाने उचलायचा आणि टीपकागदावर काळा डाग आला का ते पाहायचं. पाण्यानंतर स्पिरिटनेही हेच करायचं. चित्रकाराला हीच परीक्षा हवी, आणि तिला प्रयोगशाळा लागत नाही.

समर्थ रामदासांच्याच दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. सुंदर विचार सांगणाऱ्या ग्रंथात इतकी रोखठोक कारागिरी क्वचितच सापडते. देशोदेशीचे बोरू आणावेत, ते कसे निवडावेत, शाईचा आणि हिंगुळाचा साठा कसा ठेवावा, लाखेच्या रंगाचा अळिता कसा पारखून घ्यावा, ओळीत अंतर कसं राखावं, हे सगळं त्यात आहे. लेखनसाहित्य पारखण्याची एवढी सवय ज्या परंपरेला होती, तिच्या गावात आज शाईची बाटली नुसती लेबल पाहून घेतली जाते.

कागदाचीही गोष्ट खानदेशातलीच आहे. जळगाव जिल्ह्यातलं एरंडोल आणि यावल ही दोन्ही गावं एकेकाळी देशी कागदासाठी नावाजलेली होती. ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरांनी तशी नोंद केली आहे आणि यावलच्या नोंदीत कागदाच्या जोडीला निळीचाही उल्लेख आहे. देशी कागदाला खळ लावून तो गुळगुळीत दगडाने घोटत. घोटलेल्या कागदावर शाई आत झिरपत नाही, वर बसते, म्हणून बोरूचं अक्षर कडेला फुटत नाही. हीच शाई आजच्या स्वस्त, खळ कमी असलेल्या कागदावर लावली की रेघेला केस फुटतात. अनेकदा विद्यार्थी शाईला दोष देतो आणि चूक कागदाची असते. कार्ट्रिज पेपर, जलरंगाचा जाड कागद आणि मार्करसाठी मिळणारा गुळगुळीत कागद, तिन्हींवर एकच शाई तीन तऱ्हांनी वागते.

आता स्पिरिटकडे. धुळे-जळगावच्या कोणत्याही सुताराला चपडा माहीत आहे. लाकडाला पॉलिश करायचं तर चपड्याच्या पातळ तपकिरी पापड्या बाटलीत घालायच्या, वर स्पिरिट ओतायचं आणि बाटली मधून मधून हलवत रात्रभर ठेवायची. सकाळपर्यंत चपडा विरघळलेला असतो. चपडा म्हणजे लाखच, म्हणजे शेलॅकच. पाण्याला न जुमानणारी लाख स्पिरिटमध्ये विरघळते, ही गोष्ट सुतारकामात रोज दिसते, पण ड्रॉइंग इंकच्या बाटलीवर ती कुणी लिहीत नाही. बाटलीवर ‘वॉटरप्रूफ’ असतं. ते खरंही असतं. प्रश्न एवढाच की हल्ली चित्रावर फिरणारा मार्कर बऱ्याचदा पाण्याचा नसतो.

कॉमिक आणि डिझाइनच्या कामात वापरले जाणारे बरेचसे रंगीत मार्कर अल्कोहोलमध्ये रंग विरघळवून केलेले असतात. जपानच्या टू कंपनीने कॉपिक मार्कर १९८७ साली बाजारात आणला. आता भारतातही ब्रुस्ट्रोसारख्या ब्रँडचे असे मार्कर सहज मिळतात. शेलॅकच्या शाईने काढलेल्या रेघेवरून हा मार्कर गेला की अल्कोहोल बांध सैल करू लागतं. रेघ बारीक असेल आणि मार्कर एकदाच झरकन गेला तर काही दिसणारही नाही. पण भरीव काळा भाग असेल, किंवा छटा जुळवण्यासाठी मार्कर तीन-चारदा घासला, तर काळं उचललं जातं. त्याहून वाईट म्हणजे ते मार्करच्या टोकात शिरतं. फिकट गुलाबी मार्करचं टोक एकदा करडं झालं की पुढच्या चित्रात, भलत्याच गालावर, तो करडेपणा उमटतो.

चपड्याच्या याच गुणाचं सगळ्यात मोठं उदाहरण जळगावपासून साठेक किलोमीटरवर आहे. अजिंठ्याच्या चित्रांत काळा रंग काजळीचाच आहे. बाकीचे बहुतेक रंग मातीतून आणि खनिजांतून आले, काळा मात्र दिव्याच्या धुरातून. ही चित्रं ओल्या गिलाव्यावर नव्हे, वाळलेल्या पृष्ठभागावर बांधाच्या साहाय्याने रंगवलेली आहेत, त्यामुळे पाण्याने त्यांना धोका आहेच. मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन तिथे नकला करत होते. त्यांचे दोन भव्य खंड १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे निजाम सरकारने १९२० ते १९२२ या काळात लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावलं. सुटणारा रंग धरून ठेवण्यासाठी त्यांनी शेलॅकचा वापर केला. त्या वेळी तो उपाय योग्यच वाटला असणार, कारण युरोपातल्या पद्धतीला तो धरूनच होता. पण शेलॅक जुनं होत गेलं तसं पिवळसर तपकिरी झालं, त्यावर धूळ आणि काजळी साचली आणि मूळ रंग झाकोळले. भारतीय पुरातत्त्व विभागाच्या रसायनज्ञांना पुढे कित्येक दशकं हा थर निवडक द्रावकांनी, बोटाएवढ्या जागेवर काम करत, उतरवावा लागला. एखादा थर पाण्याला बंद आहे म्हणून तो सगळ्यालाच बंद आहे असं धरून चालता येत नाही, आणि आज पारदर्शक आहे म्हणून तो पन्नास वर्षांनीही पारदर्शक राहील असंही नाही.

काळ्या शाईवर मराठी चित्रकाराचा हात बसला तो छापखान्यामुळे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ साली दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली आणि रेखाचित्रांना दरवर्षी हक्काची पानं मिळू लागली. रेखाचित्राचा जस्ताचा लाइन ब्लॉक करायचा तर मूळ चित्राचा फोटो निघे, आणि त्या पद्धतीला काळा आणि पांढरा एवढंच कळे. रेघ जराही राखाडी झाली की ब्लॉकमध्ये तुटे. म्हणून टाकाने, निबेने, बारीक ब्रशने दाट इंडियन इंक वापरायची शिस्त पडली. दीनानाथ दलाल, वसंत सरवटे, शि. द. फडणीस यांच्या रेघेमागे प्रतिभेबरोबर ही छापखान्याची सक्तीही आहे. शाई तेव्हा चित्राचा शेवटचा टप्पा होती. आज ती बऱ्याचदा पहिला टप्पा असते, वर रंग यायचा असतो, आणि गोंधळ सुरू होतो तो इथून.

शाईचा व्यवसायही मराठी माणसांनी केला. दिगंबर परशुराम दांडेकर आणि त्यांचे बंधू गोविंद यांनी १९३१ साली मुंबईत शाईची पूड आणि गोळ्या करण्यापासून सुरुवात केली. त्यांचा पहिला छाप घोड्याचा होता, नंतर ‘कॅमल’ आला आणि कॅम्लिन हे नाव शाळेच्या दप्तराचा भाग झालं. या कंपनीची ड्रॉइंग इंक तालुक्याच्या गावातही मिळते, आणि एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांची काळ्या शाईशी पहिली ओळख बहुधा तिच्यामुळेच होते. आराखडे काढणाऱ्या कार्यालयांत दुसरी परंपरा होती, रोट्रिंगच्या नळीदार पेनांची. त्यातलं रॅपिडोग्राफ हे पेन १९५३ साली आलं. ट्रेसिंग पेपरवर त्याने काढलेली रेघ चुकली तर ब्लेडने हळूच खरवडून काढत. हे पेन आठवडाभर न वापरता ठेवलं की नळीतली बारीक तार अडकून बसे, आणि खानदेशच्या उन्हाळ्यात त्याला आठवडाही लागत नसे.

शाई निवडताना बांधाचे चार-पाच प्रकार डोळ्यांपुढे ठेवले तरी पुरतं. डिंकाची काजळी शाई सुंदर मऊ काळी दिसते, पण वर काहीही ओलं येणार असेल तर ती नको. शेलॅकची इंडियन इंक जलरंगाखाली उत्तम. तिची रेघ किंचित चमकते, रंगाचं पाणी तिच्यावरून घसरून बाजूला बसतं. विन्सर अँड न्यूटनची काळी इंडियन इंक या जातीची. अॅक्रिलिक बांधाच्या शाया, उदाहरणार्थ डेलर-राउनीची एफडब्ल्यू, वाळल्यावर प्लास्टिकसारखा पापुद्रा धरतात. जलरंग, पोस्टर रंग, अॅक्रिलिक, सगळं त्यांच्यावर चालतं. अल्कोहोल मार्करचा एखादा हात त्या बहुतेक वेळा सोसतात, पण घासत राहिलं तर त्याही मऊ पडतात. चौथा प्रकार अतिसूक्ष्म रंगकणांच्या शायांचा. जपानच्या साकुरा कंपनीने १९८२ साली पिग्मा शाई आणली आणि तिच्यावरच पिग्मा मायक्रॉन पेनं चालतात. हे कण पाण्यातही विरघळत नाहीत आणि अल्कोहोलमध्येही नाहीत. नीट वाळू दिलेली रेघ मार्करखाली शांत राहते. फाउंटन पेनमध्येच भरायची असेल तर प्लॅटिनमची कार्बन ब्लॅक किंवा सेलरची किवा-गुरो या त्याच विचाराच्या शाया आहेत. पेन मात्र रोज वापरात हवं. शेलॅकची किंवा अॅक्रिलिकची शाई फाउंटन पेनमध्ये कधीच भरू नये. ती आत वाळली की पेन गेलंच समजायचं.

उरला तो सगळ्यात फसवा प्रकार: रंगद्रव्य विरघळवून केलेल्या शाया. साधी लिहायची काळी शाई, स्केचपेन, बॉलपेन आणि ‘परमनंट’ लिहिलेला काळा मार्कर. हा मार्कर काचेवर, डब्यावर, सीडीवर टिकतो म्हणून मुलं त्याने बाह्यरेषा काढतात. पण तो टिकतो पाण्यापुढे. त्याची शाई स्वतःच अल्कोहोलसारख्या द्रावकात केलेली असते, त्यामुळे वरून अल्कोहोल मार्कर गेला की रेघ फुटून बाजूच्या रंगात पसरते. बॉलपेनची गतही साधारण तीच. परमनंट या शब्दावर विसंबून आठवड्याचं काम वाया घालवलेले विद्यार्थी प्रत्येक कला महाविद्यालयात सापडतील, आणि त्यात त्यांचा दोष थोडाच आहे. हे त्यांना कुणी तरी आधी सांगायला हवं होतं.

यावर एक स्वस्त तोड आहे, आणि ती प्रत्येक गल्लीत मिळते. चित्र कोणत्याही शाईने काढायचं, चांगल्या जाड कागदावर झेरॉक्स घ्यायची आणि रंग झेरॉक्सवर भरायचे. झेरॉक्सचा काळा टोनर म्हणजे उष्णतेने कागदावर वितळवलेलं प्लास्टिक आणि कार्बन. पाणी त्याला हलवत नाही, आणि कॉपिकची शाई तर टोनर विरघळू नये हे लक्षात ठेवूनच बनवली गेली. मूळ रेखाचित्र सुरक्षित राहतं, रंग बिघडला तर दुसरी झेरॉक्स. इंकजेट प्रिंटरची प्रत मात्र चालत नाही. तिची शाई बऱ्याचदा पाण्यातच विरघळणारी असते.

परीक्षेची पट्टी अशी करावी. ज्या कागदावर चित्र काढायचं त्याच कागदाची पट्टी घ्यायची, दुसरी नाही. प्रत्येक शाईने एक बारीक रेघ, एक जाड रेघ, जवळजवळ ओढलेल्या रेघांचा एक चौकोन आणि पूर्ण भरलेला एक काळा ठिपका. भरलेला ठिपका सगळ्यात महत्त्वाचा, कारण तिथे शाईचा थर जाड असतो आणि वरून वाळलेला दिसला तरी आतून ओला असू शकतो. पट्टीचे उभे तीन भाग करायचे. पहिल्यावर पाच मिनिटांनी, दुसऱ्यावर तासाने, तिसऱ्यावर दुसऱ्या दिवशी ओला ब्रश आणि मार्कर फिरवायचा. मार्कर फिकट पिवळा घ्यायचा, म्हणजे उचललेला काळा कण लगेच दिसतो. प्रत्येक वेळी मार्करचं टोक कोऱ्या कागदावर पुसून काढायचं. शेवटी खोडरबर फिरवून पाहायचा. काही कार्बन शाया पाण्याला आणि स्पिरिटला पुरून उरतात, पण पेन्सिलची खूण पुसताना रबराने वरची काजळी उडते आणि रेघ करडी पडते.

रंगांचा क्रमही ठरवून घ्यावा. पोस्टर रंग अपारदर्शक, तो रेघ झाकून टाकतो, म्हणून तिथे रंग आधी आणि रेघ नंतर. पण पोस्टर रंगाचा बांध पाण्यात परत सुटणारा असतो, म्हणून वरची शाई पातळ नको आणि निब रुतवायची नाही. अॅक्रिलिक रंगाच्या गुळगुळीत थरावर पाणीदार शाई थेंब धरून बसते. तिथे अॅक्रिलिक शाईच हवी. जलरंग आणि मार्कर एकाच चित्रात असतील तर जलरंग आधी, कागद पूर्ण कोरडा, मग मार्कर.

खानदेशात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो. निबेच्या टोकावरची शाई रेघ पुरी होण्याआधी घट्ट होऊ लागते, मार्करमधलं अल्कोहोल झटकन उडतं आणि सपाट रंगात पट्टे दिसतात. अशा दिवसांत काम पहाटे करावं, शाई मोठ्या बाटलीतून थेट न घेता छोट्या झाकणाच्या डबीत काढून घ्यावी, आणि निब दर थोड्या वेळाने ओल्या फडक्याने पुसावी. डिंकाची शाई निबेवर वाळली तर पाण्याने सुटते, शेलॅकची वाळली तर स्पिरिटचं बोट लावावं लागतं. श्रावणात सगळं उलटं होतं. हवेतला ओलावा कागद शोषून घेतो, तासात वाळणारी रेघ रात्र घेते, आणि उन्हाळ्यात पास झालेली शाई त्याच कागदावर नापास होते. म्हणून पट्टीच्या मागे शाईचं नाव, कागदाचं नाव आणि महिना लिहून ठेवावा, आणि पहिला पाऊस झाला की त्याच बाटलीची नवी पट्टी करावी.